कात्रज कुठल्या मतदारसंघात येतं?

२०२४ च्या लोकसभेला मी एक पैज हरलो. आमच्या सहकारनगरच्या सोसायटीत तळमजल्यावर एक काका राहतात. कित्येक निवडणुका ते एका पक्षाचं बूथचं टेबल सांभाळतायत. (पक्ष सांगत नाही, नाहीतर खाली कमेंटमध्ये तेवढंच चालेल.) त्यांना मी छातीठोकपणे म्हटलं, "काका, तात्या यावेळी लाखभर मतं खातात. लिहून घ्या." काकांनी लिहून वगैरे काही घेतलं नाही. "मिसळ लावा," एवढंच म्हणाले.

माझ्याकडे पुरावा होता ना! तात्या म्हणजे वसंत मोरे, कात्रजचे माजी नगरसेवक. त्यांनी मनसे सोडल्यापासून माझा फोन तात्यामय झाला होता. लाइव्ह काय, रील काय, खाली बदामांचा पाऊस. मी दोन व्हिडिओ शेवटपर्यंत बघितले असतील, मग फोन रोज ताटात तेच वाढायला लागला आणि मला वाटलं, अख्खं पुणं हेच जेवतंय.

४ जूनला निकाल लागला. भाजपचे मोहोळ काँग्रेसच्या धंगेकरांपेक्षा सव्वा लाखाच्या आसपास मतांनी पुढे. वंचितकडून लढलेल्या मोरेंना ३२ हजारांच्या घरात. डिपॉझिट गेलं.

मोरेंना हसायचं कारण नाही. ३२ हजार माणसं मे महिन्यात घराबाहेर काढणं खायचं काम नाही. हसायचं तर मला हसा, कारण काकांनी मिसळीवर रस्सा ओतून घेता घेता जे विचारलं ते इतके दिवस माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "कात्रज कुठल्या मतदारसंघात येतं हो?" तात्यांचा बालेकिल्ला कात्रज. आणि पुणे लोकसभा म्हणजे कसबा, कोथरूड, पर्वती, शिवाजीनगर, कॅन्टोन्मेंट, वडगाव शेरी. संपलं. ज्यांची कामं तात्यांनी रात्री-अपरात्री केली, त्यातल्या बहुतेकांना तात्यांना मत देताच येत नव्हतं! बदाम मात्र कात्रजहून येत होते, सांगलीहून येत होते, दुबईहूनही येत होते.

आता कुणीतरी कसब्याचं उदाहरण काढणार. २०२३ ची पोटनिवडणूक, भाजपच्या चंद्रकांत पाटलांनी प्रचारात विचारलेलं "हू इज धंगेकर" मीम झालं, सगळीकडे तेच, आणि माणूस निवडून आला. आला की. पण तिथे मीमच्या खाली बरंच काही होतं: वर्षानुवर्षं पेठांतून पायी फिरलेला नगरसेवक, सरळ दुरंगी लढत, दिवंगत आमदार मुक्ता टिळकांच्या घरात भाजपने तिकीट न दिल्याची नाराजी. मीम हा वरचा फेस. त्याच कसब्यात २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये विधानसभेला भाजपच्या रासनेंनी त्याच धंगेकरांना हरवलं. मीम तर तोवर कुठे पुसलं गेलं नव्हतं.

फेसच फेस बघायचा तर त्याच निवडणुकीतलं मुंबईचं वर्सोवा बघा. अभिनेता एजाज खानचे इन्स्टाग्रामवर ५६ लाख फॉलोअर, मतं १५५. नोटाला त्याहून जास्त. यावर मी काही बोलत नाही.

मला जास्त शिकवलं ते काकांच्या यादीने. मतदानाच्या दिवशी, १३ मेला, मी थोडा वेळ त्यांच्या टेबलाशी बसलो होतो. सोमवार, शनिवार-रविवारला जोडून, त्यात शाळांना सुट्ट्या. यादीचं पान, लाल पेन, आणि काका पुटपुटत खुणा करतायत: हे गावाला, ही लग्न होऊन नाशिकला, हे वारले तरी नाव आहेच, या आजींना रिक्षा पाठवा. शहरात मतदान झालं जेमतेम ५३ टक्के. बाकीच्या ४७ टक्क्यांत माझ्या ग्रुपवरचे किती वाघ होते हे मला नावानिशी माहीत आहे. आमचे चिरंजीवही त्यातच. तात्यांची प्रत्येक रील मला पाठवणारा हा पठ्ठ्या, नाव पुण्याच्या यादीत, आणि स्वतः बंगळुरूला. "बाबा, तिकिटं फार महाग होती."

परवा काका जिन्यात भेटले. मी फोन पुढे करून नवीन कुणाची तरी हवा दाखवायला लागलो. त्यांनी बघितलंही नाही. म्हणाले, "ते राहू द्या. धाकटीला अठरा पूर्ण झाली ना? फॉर्म भरलात का तिचा?"

नव्हता भरला.