हैफाचा फॉरवर्ड आणि मेजर दलपतसिंह

23 सप्टेंबर जवळ आला की पहिल्या महायुद्धातल्या हैफाच्या (आजच्या इस्रायलमधलं बंदर, तेव्हा तुर्कांच्या ताब्यातलं) लढाईचा एक फॉरवर्ड फोनवर फिरू लागतो. त्यात म्हटलेलं असतं: जोधपूर लान्सर्सनी, म्हणजे जोधपूर संस्थानच्या घोडदळानं, मशीनगनसमोर नुसत्या भाल्या-तलवारींनी, कुणाच्याही मदतीविना हैफा जिंकलं. 900 भारतीय धारातीर्थी पडले. त्यांचे मेजर दलपतसिंह यांना त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. यातलं 1918 साली जोधपूरच्या स्वारांनी हैफा घेतलं, एवढं खरं.

आधी 900. त्या लढाईत 8 जण ठार आणि 34 जखमी झाले. घोडे 60 मेले. आजच्या इस्रायलमधल्या सगळ्या युद्धस्मशानांत मिळून सुमारे 900 भारतीय सैनिकांची नोंद आहे. बहुधा तोच आकडा एका दुपारच्या माथी मारला गेला. हानी कमी म्हणजे शौर्य कमी, असं कुणी सांगितलं? भरधाव घोडा गोळ्या लागूनही लगेच कोसळत नाही, म्हणून तर हा हल्ला शहरापर्यंत पोचला.

'मदतीविना' हेही चूक. म्हैसूर लान्सर्सची एक तुकडी कार्मेल डोंगर चढून वरच्या तोफांवर गेली होती, शेरवुड रेंजर्स या ब्रिटिश घोडदळाचे स्वार तिच्या मदतीला होते, आणि खालून ब्रिटिश तोफखाना मारा करत होता. किशोन नदीकाठी पुढे गेलेल्यांचे घोडे चिखलात रुतले, तेव्हा जोधपूरचे स्वार डावीकडे वळून डोंगराच्या पायथ्यानं शहरात घुसले. दलपतसिंह सुरुवातीलाच पडले. पुढचं नेतृत्व कॅप्टन अमानसिंहांनी केलं. फॉरवर्डमध्ये त्यांचं नावही नसतं.

आता पदक. दलपतसिंहांना व्हिक्टोरिया क्रॉस नव्हे, मिलिटरी क्रॉस मिळाला, आणि तोही हैफासाठी नाही. 14 जुलै 1918 ला जॉर्डनच्या खोऱ्यात ते फक्त आपल्या बिगुलवाल्याला घेऊन खंदकातल्या मशीनगनवर चालून गेले. गनवरची माणसं मारली किंवा पांगवली, गन ताब्यात घेतली, वर एका रेजिमेंटचा कमांडंट आणि आणखी एक अधिकारी पकडला. दोन घोडेस्वार आणि एक मशीनगन! मला तर हैफापेक्षा हाच प्रसंग जास्त थक्क करतो, आणि नेमका तोच कुणी पाठवत नाही.

त्याच 23 सप्टेंबरच्या कामगिरीबद्दल एका भारतीय घोडेस्वाराला व्हिक्टोरिया क्रॉस जरूर मिळाला, पण हैफात नव्हे, जॉर्डनकाठी. डेक्कन हॉर्स या घोडदळ रेजिमेंटबरोबर लढणारे रिसालदार बदलूसिंह सहा जणांनिशी मशीनगनच्या टेकडीवर चढले, एक गन एकट्यानं काबीज करताना प्राणांतिक जखमी झाले, आणि टेकडीवरचे सगळे शरण आल्यावरच त्यांनी प्राण सोडला.