थर्मोस्टॅट काढू नका, आधी पंखा बघा

'सिग्नलला गाडी तापते? मेकॅनिक हे कधीच सांगणार नाही' असा मेसेज सध्या फिरतोय. उपाय चार: तापमानाचा काटा वर गेला की लगेच रेडिएटरचं झाकण उघडून गार पाणी ओता, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाका, कूलंटऐवजी (इंजिन गार ठेवणारा द्रव) नळाचं पाणी भरा, हीटर फुल करा. आमच्या मामांनी तो वाचून थर्मोस्टॅट काढूनही घेतला. गाडी तापायची ती तापतच राहिली.

झाकणाचं आधी, कारण त्यात माणूस भाजतो. ती प्रेशर कॅप आहे. आत साधारण एक बार जादा दाब धरून ती पाण्याला १२० अंशांच्या आसपासपर्यंत उकळू देत नाही. झाकण फिरवलंत की दाब गेला, आणि शंभरच्या वर तापलेलं ते पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर उसळतं. हातात फडकं धरून तोंड वाचत नाही! कुणाचं ऐकायचं नसेल तर गाडीचं ओनर्स मॅन्युअल उघडा. इंजिन गरम असताना हे झाकण उघडू नका, असं त्यात स्पष्ट बजावलेलं असतं. वरून इंजिनाच्या तापलेल्या अॅल्युमिनियमच्या हेडला गार पाणी लागलं तर हेड वाकू शकतं, तडकूही शकतं. इंजिन बंद करा आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नका.

आता थर्मोस्टॅट. म्हणे 'आपल्या गरम देशात लागतच नाही'. तो बंद स्थितीत अडकला असता तर गाडी हायवेलाही तापली असती. मामांचा काटा एक्सप्रेसवेला निम्म्यावर असायचा आणि चांदणी चौकात अडकलं की चढायचा. धावत्या गाडीला वारा समोरून मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंख्याचा. मग संशय कुणावर घ्यायचा? रेडिएटरच्या पंख्यावर. इंजिन चालू ठेवून एसी लावा आणि तो फिरतो का ते लांबूनच बघा, कारण हा पंखा अचानक सुरू होतो. फिरलाच नाही तर फ्यूज, रिले (पंख्याला वीज सोडणारा छोटा स्विच), वायरिंग, मोटर तपासा. एसीवर फिरतो, पण एसी बंद असताना काटा चढूनही हलत नाही, तर तापमानाचा सेन्सर आणि त्याची वायर. पंखा नीट फिरूनही तापत असेल तर कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) आणि रेडिएटरच्या मधे साचलेली माती, पानं बघा. बेल्टवर फिरणारा पंखा असेल तर बेल्ट आणि व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर पंख्याला जोराने फिरवणारी जोडणी). मामांच्या गाडीत रिले उपसून काढला तेव्हा एका पिनेभोवतीचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालं होतं. रिले आणि त्याचा सॉकेट बदलला, पंखा फिरला. थर्मोस्टॅटशिवाय थंड इंजिन हव्या त्या तापमानाला लवकर येत नाही आणि जास्त पेट्रोल पितं, म्हणून तोही परत बसवावा लागला.

नळाचं पाणी अडचणीला, तेही इंजिन गार झाल्यावर, ठीक. कायम भरलंत तर आत गंज चढतो, बोअरचं असेल तर क्षारही साचतात.

हीटरचं मात्र खरं आहे, मान्य. इंजिनातली थोडी उष्णता तो केबिनमध्ये ओढून घेतो. एसी बंद करा, काचा खाली घ्या, हीटर फुल करा, पण तेवढ्यावर घरापर्यंत ताणू नका. पहिली जागा मिळेल तिथे गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा.