गॅलरीतला सांबार

नागपुरात भाड्याच्या घरात सांबार, म्हणजे आपल्याकडची कोथिंबीर, पिकवणं हा तोट्याचा धंदा आहे, हे आधीच मान्य केलेलं बरं. डिसेंबरात तो कुंडीत झकास येतो, आणि नेमका तेव्हाच भाजीवाला वांग्यांवर फुकटात चार काड्या टाकून देत असतो. मे महिन्यात जुडीला हात लावायची सोय नसते, तेव्हा कुंडीतलं बी ढिम्म हलत नाही. धण्याला गारवा लागतो. माती 30 अंशांच्या वर तापली की तो उगवायचं टाळतो, आणि उगवलाच तर चार पानांवर फुलोरा धरून मोकळा होतो.

म्हणून पेरा दिवाळीच्या आसपास, ऑक्टोबरचा चटका उतरल्यावर. किराण्यातले धणे चालतात, फक्त भाजलेले किंवा वर्षानुवर्षं डब्यात झोपलेले नकोत. एका धण्यात दोन बिया असतात, तेव्हा वाटीच्या बुडाने हलकेच रगडून दोन फाका करा. जोर जास्त झाला तर त्या मालाची सोय आमटीत आहे. रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा, वर ओलं गोणपाट घाला. मग 8-10 दिवस काहीही दिसत नाही. ह्याच काळात माणूस बोटाने माती उकरून पाहतो आणि निम्मं पीक तिथेच मरतं. ज्याला धीर नाही त्याने मेथी पेरावी, ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं वर काढते आणि महिनाभरात भाजीला येते. आणि स्वतःच्या सांबाराच्या सांबारवड्या करायच्या असतील तर हिशेब आधीच करा : पाहुण्यांसकट घर जेवायचं म्हटलं तर 12 इंची पाच-सहा कुंड्या एका दमात भादराव्या लागतात.

मातीचं दुखणं वेगळंच. देशभरच्या मातीचं सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था आपल्याच गावात, अमरावती रोडवर आहे; तरी आपण शेजारच्या बांधकामाच्या पायातून निघालेली काळी माती पोत्यात भरून आणतो. ही माती शेतात कापसाला सोनं असेल, कुंडीत मात्र पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात ढेकूळ. वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते, मग वरून ओतलेलं पाणी फटीतून थेट खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. एक भाग काळी माती, एक भाग मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, वर दोन मुठी जाड वाळू, एवढं पुरतं. कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट भिजल्यावर आठ-नऊ लिटर होते. ती दोनदा धुवून पिळून घ्या, त्यातला खार जायला हवा.

घर बघताना लोक नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारतात, गॅलरीचं तोंड कुणीकडे हे कोणी विचारत नाही. उत्तरेची गॅलरी फार फसवी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे सांबाराच्या मोसमात तिथे उन्हाची तिरीपही नाही. 26 मेच्या सुमारास, ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तो नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि मग जुलैच्या मध्यापर्यंत भरदुपारीही उत्तरेकडे झुकलेला असतो. नको तेव्हा हजर. मी तर म्हणतो पूर्वेची मिळाली तर भाड्यात फार घासाघीस करू नये.

मे महिन्यात पीक काढायचं नसतं, झाडं जगवायची असतात. 50 टक्क्यांची हिरवी नेट बांधा, कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, मातीवर वाळला पाला पसरा. पाणी सकाळी आठच्या आत आणि दिवेलागणीनंतर. दुपारी नळाला जे येतं त्यात चहापत्ती टाकायचीच बाकी असते, ते मुळांवर ओतू नका. कूलरजवळ थंडावा असेल म्हणून झाडं बाहेरून त्याला टेकवून ठेवणारेही आहेत. कूलर गार हवा घरात सोडतो. बाहेरच्या बाजूने तो लू ओढून घेत असतो, आणि पानं नेमकी त्या ओढीत सापडतात. टाकीतलं उरलेलं पाणीही त्यांना देऊ नये. सतत बाष्प उडून त्यात क्षार साठलेले असतात, कूलरच्या जाळीवरचा पांढरा थर बघा. ह्या दिवसांत टिकतात ती मायाळू, आंबाडी, गवती चहा आणि सावलीतला पुदिना. मिरचीचं झाड जगतं, पण फुलं गळतात. भिवापुरीचं बी आणलं म्हणून ऊन तिला सवलत देत नाही. पानं वर वळून वाटीसारखी झाली तर फुलकिडे आले समजा : लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने.

किडीनंतर घरमालक. 12 इंची ओली कुंडी 15-20 किलोंची होते आणि बूड टेकून बसली की खालची फरशी वाळतच नाही. "भाऊ, स्लॅबमंदी पानी मुरते ना," हे वाक्य दर पंधरवड्याला ऐकायचं नसेल तर प्रत्येक कुंडी दोन विटांवर ठेवा, खाली ताटली द्या आणि ती दर दोन दिवसांनी रिकामी करा, नाही तर डासांची सोय होते. ताटली नसेल तर शेणखताचं तपकिरी पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पांढऱ्या चादरीवर उतरतं, आणि मग काकू वर चढतात.

घर सोडताना कुंड्यांना दोन दिवस आधी पाणी तोडा, वजन उतरतं. पुदिन्याच्या चार काड्या ओल्या कागदात गुंडाळल्या की पुरे, मिरची सोडून द्या. भांडण गोडलिंबावरून, म्हणजे कढीपत्त्यावरून होतं. अकरा महिने ओलीच्या नावाने बोटं मोडणाऱ्या मालकीणबाई त्याची पानं रोज तोडत असतात. फरशीवरच्या गोल डागांचे पैसे डिपॉझिटमधून कापून झाल्यावर त्या म्हणतात, "तेवढा गोडलिंब राहू द्या बाप्पा, सवय झाली आता." पावसाळ्यात बुडाशी आलेला एखादा फुटवा मुळासकट वेगळ्या डब्यात लावून ठेवलेला असेल तर मोठं झाड खुशाल ठेवावं, आणि डागांच्या रकमेवर पुन्हा बोलणी सुरू करावीत.