थांबेल त्यालाच मिळेल

इंदूरच्या माणसाला तिखट चालतं, गोड चालतं, सकाळी सातला पोह्यांबरोबर जिलबी चालते, रात्री एकला रबडी चालते. त्याला फक्त ‘थांब’ म्हणू नये. इथे पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर बसलेली असते, कारण कोमट पोहे हा आमच्याकडे अपमान समजला जातो. जिलबी कढईतून पाकात आणि पाकातून थेट तोंडात. मधे कुठे स्वल्पविरामसुद्धा नाही. अशा गावात, तेही मे महिन्यात, मी ॲपल पाय करायला घेतला. या पदार्थाला सुरुवातीला थंडी लागते आणि शेवटी धीर. आमच्या राजेंद्रनगरच्या घरात मे महिन्यात दोन्ही मिळत नाहीत.

निमित्त भाचीचं. नणंद मुलांना घेऊन पुण्याहून सुट्टीला आली होती. भाचीने स्वयंपाकघरात पाऊल टाकताच शोध लावला, “मामी, तुमच्याकडे ओटीजी आहे!” होता. विजेवरचा छोटा ओव्हन, दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला. त्यात दोन तवे, एक बीडाची कढई आणि चिवड्याचा रिकामा डबा राहत होता. त्यांना हलवून दुसरीकडे बसवण्यातच एक दुपार गेली, कारण आमच्या स्वयंपाकघरात रिकामी जागा नावाची गोष्ट नाही. तवे अजून वॉशिंग मशीनवर आहेत.

तिने मोबाइलवर एक अमेरिकन पाककृती दाखवली. खाली मैद्याचं कवच, मधे सफरचंद, वर मैदा-लोणी-साखरेचा भुरभुरीत चुरा. त्यातली मापं अशी की बाईने स्वयंपाक सोडून तलाठ्याची परीक्षा द्यावी. लोणी ‘एक स्टिक’. तिकडची स्टिक एकशेतेरा ग्रॅमची, आपलं पाकीट शंभराचं. उष्णता चारशे. आमच्या ओटीजीची चकती अडीचशेला संपते. हे होळकर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेत, त्यांना चाळीस वर्षांत प्रथमच स्वयंपाकघरातून बोलावणं आलं. चारशेतून बत्तीस वजा करा, पाचने गुणा, नवाने भागा. दोनशे चार अंश सेल्सिअस. उत्तर काढायला एक मिनिट लागलं, फॅरनहाइट कोण होता हे सांगायला वीस.

सासूबाईंचा आक्षेप अधिक मूलभूत होता. “सफरचंद कशाला शिजवून राहिलीस? आजारी कोण आहे?” त्यांच्या मते सफरचंद हे फळ नसून औषध आहे. ते पिशवीत घालून दवाखान्यात न्यायचं असतं. त्यानंतर त्यांनी विचारलं, अंडं आहे का यात, आज गुरुवार आहे. नाही म्हटल्यावर त्यांचा नाइलाज झाला.

आता सफरचंद. आमच्या फळवाल्याने लालभडक डेलिशस पुढे केलं. “दीदी, ये ले जाओ, शक्कर है शक्कर!” तीच तर अडचण होती. पायला आंबट आणि कडक सफरचंद लागतं. आम्ल असलं की फोड भट्टीतही आपला आकार धरून राहते. गोड, मऊ सफरचंदाचा वीस मिनिटांत शिरा होतो.

यात दोष फळवाल्याचा नाही, इतिहासाचा आहे. इंग्रजांनी कुलूकडे लावलेली सफरचंदं आंबट होती. ती आपल्या लोकांना रुचली नाहीत. मग १९०४ मध्ये फिलाडेल्फियाहून भारतात आलेले सॅम्युएल स्टोक्स हिमाचलात कोटगढच्या बाजूला स्थायिक झाले, आणि १९१६ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतून डेलिशसची रोपं मागवून तिथे लावली. माणूस फार मोठा. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला, पुढे हिंदू होऊन सत्यानंद झाला. हिमाचलची अर्थव्यवस्था त्या झाडांनी बदलली. पण अमेरिकेतून रोपं येतच होती, तर पायसाठी दोन आंबट झाडं सोबत मागवायला काय हरकत होती, असं माझं नम्र मत आहे. शेवटी मिळाली ती परदेशी हिरवी ग्रॅनी स्मिथ. १८६८ मध्ये सिडनीजवळ ईस्टवूडला मारिया ॲन स्मिथ नावाच्या आजीबाईंच्या वाडीत उगवलेल्या रोपाचा हा वंश. भाव ऐकून हे म्हणाले, “आजीबाई स्वतः विमानाने आल्या होत्या का?”

कणीक, म्हणजे मैदा, मळायला पहाटे पाचला उठले. माळव्यात दिवस चाळिशी ओलांडतो, पण रात्र गार पडते. ‘शब-ए-मालवा’ म्हणून लोक जिचं कौतुक करतात ती हीच. तिच्या शेपटीला धरून मी लोणी कापत होते. लोणी फ्रीजमधलं दगडासारखं हवं, पाणी बर्फाचं हवं, आणि हात लावायचा तो चोरासारखा, पटकन आणि बोटांच्या टोकांनी. मैद्यात लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे शिल्लक राहिले पाहिजेत.

हे शेवटचं वाक्य सासूबाईंना सहन होणं शक्यच नव्हतं. या बाईने आयुष्यभर शंकरपाळ्याला कडकडीत तुपाचं मोहन घातलं, मूठ वळेपर्यंत मैदा चोळला. तिच्यासमोर मी लोण्याच्या गुठळ्या मुद्दाम ठेवत होते. त्या दोनदा पुढे आल्या, दोनदा मी ताटली उचलून खिडकीशी नेली. तिसऱ्यांदा हे मदतीला धावले आणि व्याख्यान दिलं. लोण्यात शेकडा सोळाएक भाग पाणी असतं. भट्टीत गुठळी वितळते, त्या पाण्याची वाफ होते, वाफ मैद्याचे पदर उचलते. गुठळीच नसेल तर वाफ उचलणार काय? सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “माझे चिरोटे उचलतात. साट्याने. बर्फ नाही लागत.” यावर भौतिकशास्त्राकडे उत्तर नव्हतं. ते वर्तमानपत्र आणायला गेले.

गोळा दिवसभर फ्रीजमध्ये. संध्याकाळी लाटून टिनमध्ये बसवला, वर बटर पेपर, बटर पेपरवर राजमा. कवच रिकामं भाजताना ते फुगू नये म्हणून हे वजन. राजमा भाजून काढल्यावर त्याचं काय करायचं यावर घरात अर्धा तास चर्चा झाली. तो आता शिजत नाही, हे पटवणं कठीण गेलं. त्याहून कठीण प्रश्न बटर पेपरचा. इंदूर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिलं येत गेलं, त्यामुळे आमच्याकडे कचरा हा श्रद्धेचा विषय आहे. कागद म्हणून सुका, का लोणी म्हणून ओला? पुण्याची नणंद म्हणाली, “टाक ना वहिनी कशातही.” सगळ्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती बाहेर झोपाळ्यावर जाऊन बसली.

सफरचंदाच्या फोडींना लिंबू, साखर, दालचिनी, किंचित जायफळ आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर. दालचिनी सियागंजच्या मसाला बाजारातली, तिच्याबद्दल शंका नाही. मग वरचा चुरा. मैदा, लोणी आणि तपकिरी साखर. तिच्याऐवजी मी गुळाची पूड घेतली आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. तपकिरी साखर म्हणजे पांढऱ्या साखरेला काकवी चोपडलेली. गुळात ती मुळातूनच असते. बोटांनी चोळत गेलं की मोठ्या-लहान गुठळ्यांचा चुरा होतो. इथे मात्र कोणालाच काही समजावून द्यावं लागलं नाही. आम्ही पोह्यांवर, भाजीवर, फळांच्या चाटवर शेव टाकणारी माणसं. पदार्थ म्हणजे खालचं निमित्त, खरं काय ते वर भुरभुरतं, हे इंदूरला लहानपणीच कळतं. चुरा टिनवर पसरेपर्यंत त्यातला पाव भाग येणाऱ्या-जाणाऱ्यांनी चिमटीचिमटीने संपवला.

सव्वाआठला ओटीजीत ठेवला. साडेआठला लाइट गेली. अकरा मिनिटांनी आली, हे यांनी घड्याळ लावून मोजलं. त्या अकरा मिनिटांत सात माणसं एका बंद डब्यासमोर टॉर्च धरून उभी होती, आणि प्रत्येकाला दार उघडून बघायचं होतं.

पावणेदहाला पाय बाहेर आला. कडेने रस बुडबुडत होता, चुरा तांबूस झाला होता, आणि दालचिनीचा वास जिन्यावरून खाली गेला असावा, कारण खालच्या मजल्यावरच्या भाभी वाटी परत करायला आल्या. ती वाटी संक्रांतीपासून त्यांच्याकडे होती.

आता खरी परीक्षा. पाककृतीत शेवटी लिहिलं होतं, तीन ते चार तास थंड होऊ द्या. मी ते मोठ्याने वाचलं आणि घरात शांतता पसरली. “चार तास?” भाचा म्हणाला, “मग गरम का केला?” प्रश्न चुकीचा नव्हता. मी सांगितलं, आतला रस आत्ता पाण्यासारखा आहे, गार होताना कॉर्नफ्लोअर त्याला धरतं, आत्ता कापलं तर सगळं वाहून जाईल. “मग वाटीत घेऊ,” असं भाभी म्हणाल्या. वाटी होतीच त्यांच्या हातात.

दर पाच मिनिटांनी कोणीतरी टिनला बोट लावून “झाला की गार” असं जाहीर करत होतं आणि बोट तोंडात घालत होतं. पंखा लावायची सूचना आली. फ्रीजरची आली. मी परातीत पाणी घालून मधे टिन ठेवला. त्यामुळे मुंग्या थांबल्या, माणसं थांबली नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पायचं रक्षण करायचं तर त्याला नव्हे, या जमावाला हलवलं पाहिजे. मी म्हणाले, “सराफ्यात जायचं का?”

पाच मिनिटांत सगळे चपला घालून तयार. सोन्या-चांदीची दुकानं बंद होऊन त्यांच्या पायऱ्यांवर कढया पेटल्या होत्या. भुट्ट्याचा कीस झाला, खोपरा पॅटिस झालं, दहीवडे झाले, भाचीने तोंडापेक्षा मोठा जलेबा घेतला, भाभींनी सगळ्यांना रबडी खाऊ घातली. सगळं हातात येताक्षणी, वाफेसकट. एक वाजता आम्ही परतलो तेव्हा कोणाच्याही पोटात तिळाएवढी जागा नव्हती आणि पायचं नाव कोणी काढत नव्हतं.

गुडघ्यांमुळे सासूबाई घरीच राहिल्या होत्या. त्या डायनिंग टेबलाशी जपमाळ घेऊन बसल्या होत्या. परातीतलं पाणी होतं, टिन होता, सफरचंदाच्या फोडी रसात कशा सुरेख जमून बसल्या होत्या ते स्पष्ट दिसत होतं. स्पष्ट दिसत होतं, कारण वर चुरा नव्हता. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, चमच्याने, अगदी निगुतीने काढलेला. चमचा धुऊन पालथा घातलेला.

“बरं झालंय हो ते वरचं,” सासूबाई म्हणाल्या. “पुढच्या वेळी सफरचंद नको घालूस.”