माहिती खुली आहे, उघडून नाही राह्यली

सरकारला हिशेब विचारणाऱ्या संस्थेत वेबसाइट बनवतो असं खेड्यात सांगितलं की समोरचा आधी बंद पडलेला प्रिंटर पुढे करतो. तो दुरुस्त करून दिला की मग खरा प्रश्न येतो. यवतमाळ असो की गडचिरोली, प्रश्न एकच: "भाऊ, यादीत माहं नाव काहून नाही दिसून राह्यलं?"

नाव का दिसत नाही याची मुळं फार खोल असतात. यादी मागायची ती माहितीच्या अधिकारात, २००५ साली आलेल्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि तीस दिवस वाट पाहायची. अर्जात 'माहिती एक्सेल फाइलमध्ये द्यावी' हे लिहायला विसरू नये, सोबत कलम ७(९) टाकावं. मागितलेल्या स्वरूपात माहिती साधारणपणे द्यायची, असं ते म्हणतं. नाही लिहिलं तर एक्सेलची प्रिंट, प्रिंटची झेरॉक्स, झेरॉक्सचा स्कॅन आणि स्कॅनची पीडीएफ येते, तीही आडवी. लिहिलं तरी कधीकधी हेच येतं, पण मग पहिल्या अपिलात भांडायला तोंड राहतं.

आडवं पान उभं करायचं, तीनशे डीपीआयच्या (इंचाला तीनशे ठिपक्यांच्या) खाली असेल तर परत मागायचं आणि टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचायला द्यायचं. टेसरॅक्टला मराठी येतं, पण तक्त्याच्या रेघा त्याला दंड वाटतात आणि एक-नऊमध्ये त्याचा गोंधळ होतो. गोल शिक्का तर नेमका एकूण रकमेवरच पडलेला असतो. म्हणून आडव्या आणि उभ्या बेरजा आपण करून पाहाव्या, जुळणार नाहीत त्या ओळी डोळ्यांनी वाचाव्या. कधीकधी मूळ कागदाचीच बेरीज चुकलेली निघते. तो बग नाही, ते संस्थेचं काम आहे. तसंच्या तसं ठेवावं आणि संस्थेच्या वरच्या मजल्यावर कळवावं.

खरी एक्सेल फाइल मिळाली तर पेढे वाटू नका. ती कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असते. कृतिदेव म्हणजे इंग्रजी अक्षरांना मराठी कपडे. कपडे उतरवले की किसनचा 'एफडीएलयू' होतो, एखाद्या पतसंस्थेसारखा. अक्षराला अक्षर बदलणं सोपं, वेलांटीचं काम अवघड. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या मोबाइल-संगणकांच्या पद्धतीत, नंतर. तिला नुसती एक घर पुढे सरकवली तर 'किसन' सुधारतो, पण 'स्थिती' बिघडते. वेलांटी अर्ध्या स ला चिकटते आणि मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. अर्धी अक्षरं ओलांडून पूर्ण व्यंजन सापडेपर्यंत तिला चालवत न्यावं लागतं. रफार उलटा, तो मागे न्यायचा: 'वर्धा'चा रफार टाइप होतो सगळ्यात शेवटी, काना देऊन झाल्यावर.

एवढं करूनही 'शेतकऱ्यांची यादी' शोधली की एकही शेतकरी सापडत नाही. हा 'ऱ्य' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खास ऱ चा पाय मोडून. दुसरा, साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे, मशीनला दोन वेगळे. साठवताना एकच रूप करावं आणि शोधाच्या खिडकीत टाइप झालेल्या मजकुरालाही तोच नियम लावावा. हे दुसरं सगळेच विसरतात. आकड्यांचंही तसंच: अंक ओळखायची जी खूण पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मराठी ४ सुद्धा ओळखते, ती जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत फक्त इंग्रजी 4 ओळखते.

आता माणसाचं नाव. रोजगार हमीच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, वानखडे, पासबुकात वानखेडे. मेश्राम-मेसराम, उईके-उइके. बाईचं नाव एका कागदावर बापाच्या मागे, दुसऱ्यावर नवऱ्याच्या. हुशार मंडळी सुचवतात, एका अक्षराचा फरक चालवून घे ना! घ्या. रमेश आणि उमेश सख्खे भाऊ आहेत, बाप एक, आडनाव एक, फरक एका अक्षराचा. खड्डे रमेशने खोदले, हजेरी उमेशची. नावं मशीनने जुळवू नयेत. जुळवायचा तो रोजगार हमीच्या जॉब कार्डचा नंबर, आणि कार्ड अख्ख्या कुटुंबाचं असतं म्हणून सोबत त्यातला माणसाचा क्रमांक. एक्सेलमध्ये नंबराचं शेपूट वेगळं काढलं तर तो रकाना आधी 'टेक्स्ट' करून ठेवावा, नाहीतर शेपटाची तारीख होते.

गावांचं सांगायचं तर 'बोरगाव' नावाने गाव शोधणं म्हणजे यात्रेत 'बापू' म्हणून हाक मारणं. त्यातही बु., बुद्रुक आणि खुर्द. २०११च्या जनगणनेचा सहा आकडी कोड वापरावा. मग उरतात रिठी गावं. महसुली यादीत गाव, पण राहणारं कुणी नाही. दरमाणशी खर्च काढायला गेलं की शून्याने भागाकार होतो, आणि तिथे खर्च दाखवलेला असेल तर जावास्क्रिप्ट निर्विकारपणे 'इन्फिनिटी' छापतं. माणूस नसलेल्या गावात खर्च म्हटल्यावर आकडा तसा चुकीचाही नाही.

वेबसाइटचं पान शंभर केबीच्या आत बसवावं. फॉन्ट मोबाइलमधलाच वापरावा. ओळींतलं अंतर दीडपटीच्या वर ठेवावं, नाहीतर उकार कापले जातात. अक्षरांमधलं अंतर अजिबात वाढवू नये, शिरोरेघ तुटते. तरीही नेटवर्क टाकीवर चढल्याशिवाय येत नाही, आणि टाकीखालून आवाज येतो, "हे गोल गोल फिरून राह्यलं ना भाऊ!"

म्हणून प्रत्येक गावाच्या पानाला छपाईची वेगळी मांडणी द्यावी: ए-४, काळं-पांढरं, अक्षर चौदा पॉइंट, प्रत्येक पानावर तक्त्याचं डोकं पुन्हा. ही यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली की लोक बोट ठेवून वाचतात आणि चुकलेलं नाव तिथेच पेनाने दुरुस्त करतात. त्याचा फोटो मागवून घ्यावा. मात्र यादी मैद्याच्या खळीने चिकटवू नये. चिकटवायचीच तर छातीच्या वर चिकटवावी. त्याखाली बकरी पोचते, आणि ती नेहमी एकूण रकमेपासून सुरुवात करते.