आद्य मातेला गोत्र चिकटवणाऱ्यांसाठी

चवथीच्या आधीपासून गोव्यातल्या सारस्वत कुळाव्यांच्या (एका कुळदेवाला मानणाऱ्या घराण्यांच्या) आणि महाजनांच्या (देवळांच्या वंशपरंपरागत हक्कदारांच्या) ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, एका गृहस्थांनी किट मागवून लाळेची डीएनए चाचणी केली. त्यांचा मातृवंश 'एक्स' निघाला. हा गट भारतात जवळजवळ नाहीच, तो भूमध्य समुद्राभोवती सापडतो. म्हणून आपल्या घराण्यांची आद्य माता तिकडून सरस्वतीकाठी आणि तिथून परशुरामाबरोबर गोमंतकात आली. इतका दुर्मिळ वंश टिकला म्हणजे आपलं रक्त शुद्ध, आणि हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी हे २०२१ मध्येच मान्य केलं आहे. शेवटी हात जोडलेली चिन्हं आणि 'प्रत्येक कुळाव्यापर्यंत पोहोचवा'.

पोहोचला. आता एकेक दावा बघू.

आधी चाचणीच. मातृवंश ठरतो मायटोकाँड्रियातल्या डीएनएवरून. १६,५६९ अक्षरांची ही छोटी गोल साखळी मुलग्याला आणि मुलीला दोघांनाही आईकडूनच मिळते, पण पुढे देते ती फक्त मुलगी. स्वस्त चाचण्या ही साखळी अख्खी वाचत नाहीत, ठरावीक जागाच तपासतात. एक्सची जुनी ओळखखूण म्हणजे १६१८९, १६२२३ आणि १६२७८ या तीन जागांवरची अक्षरं. त्यातली १६२२३ ची खूण भारतातल्या सर्वांत मोठ्या एम गटातही सर्रास असते. बाकीच्या दोन जागा वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे बदलत आलेल्या आहेत. त्यामुळे इथलाच एखादा एम वंश एक्सचा वेश घेऊन उभा राहू शकतो, आणि पूर्ण साखळी वाचल्याशिवाय त्याचं सोंग उतरत नाही. तरी वादापुरतं धरून चालू की निकाल बरोबर आहे.

'एक्स म्हणजे भूमध्य समुद्र' हे अर्धवट खरं आहे. या गटाचं वय सुमारे ३०,००० वर्षं. त्याची एक शाखा, एक्स१, मुख्यतः उत्तर आणि पूर्व आफ्रिकेत आढळते. दुसरी, एक्स२, गेल्या हिमयुगाचा कडाका ओसरू लागल्यावर पश्चिम आशियाच्या आसपासून पसरली असावी. युरोपात आज शंभरात दोनेक माणसांत ती मिळते. जॉर्जियात आणि स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवर प्रमाण अधिक आहे. इस्रायलच्या गॅलिली भागातल्या द्रुझ लोकांत तर बरंच अधिक, शिवाय तिथे तिच्या अनेक उपशाखा एकाच ठिकाणी भेटतात. इथपर्यंत मजकूर लिहिणाऱ्याने वाचलेलं दिसतं.

पुढचं त्याने वाचलं नाही, किंवा वाचून गाळलं. हाच एक्स उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांतही आहे. ओजिब्वे लोकांत तर जवळपास एक चतुर्थांश. तिथेही आपल्यासारखेच मजकूर निघाले. कुणी म्हणालं, इस्रायलच्या हरवलेल्या टोळ्या अमेरिकेत पोहोचल्या होत्या, हा घ्या पुरावा. कुणी म्हणालं, हिमयुगातले युरोपीय लोक बर्फाच्या कडेकडेने अटलांटिक ओलांडून गेले. १९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी केनेविक इथे एक सांगाडा मिळाला. तो साधारण ८,५०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा. कवटीच्या ठेवणीवरून तो अमेरिकेचा मूळ रहिवासी नव्हेच, असंही काहींनी ठासून सांगितलं. २०१५ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला. मातृवंश एक्स२ए, आणि बाकी सगळा जनुकसंच आजच्या मूळ अमेरिकनांना सर्वांत जवळचा. त्याच्या आईच्या ओळीत एक्स होता एवढंच खरं. टोळ्या आणि बर्फावरची वाट लोकांच्या मनातली होती.

दोन माणसांचं गटाचं अक्षर जुळलं की त्यांची एक समाईक आजी होती एवढं कळतं. एक्स२ च्या बाबतीत ती आजी सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होता, आपला किनाराही कितीतरी पश्चिमेला. शेती नव्हती, वेद नव्हते, भूमध्य समुद्राभोवती आज आहेत ते समाजही नव्हते. त्या बाईला कुणाच्या महाजनकीत बसवणार?

गट आज जिथे जास्त दिसतो तेच त्याचं मूळगाव, हेही खरं नव्हे. एन१ए नावाचा आणखी एक विरळ मातृवंश आहे. मध्य युरोपातल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या ७,००० वर्षांहून जुन्या २४ सांगाड्यांची तपासणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यातल्या ६ जणांत तो निघाला. आजच्या युरोपात तो हजारात दोघांकडेही मुश्किलीने मिळतो. आजचा नकाशा बघून कुणी त्या शेतकऱ्यांचं गाव शोधायला निघालं असतं तर नक्की चुकलं असतं.

सरस्वतीकाठचं म्हणाल, तर घग्गरच्या, म्हणजे अनेक जण सरस्वती मानतात त्या नदीच्या, खोऱ्यातल्या हडप्पाकालीन राखीगढीच्या एका स्त्रीचा जनुकसंच २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तिचा मातृवंश यू२बी२, भारतात मुरलेल्या यू२ गटातला. एका बाईवरून सगळ्या खोऱ्याबद्दल बोलता येत नाही हे मान्य. पण एका गृहस्थांच्या लाळेवरून सगळ्या कुळाव्यांबद्दल बोलणाऱ्यांनी ही हरकत घेऊ नये.

आता मजकुराचं काळीज: 'आपल्या घराण्यांची आद्य माता'. इथे मला खरोखर हसू आलं, कारण मातृवंशाची ओळ घराण्यातून जातच नाही. आपल्याकडे सगोत्र लग्न वर्ज्य. त्या गृहस्थांना एक्स मिळाला आईकडून, आणि आई जन्माने दुसऱ्या गोत्राची. तिला तो मिळाला तिच्या आईकडून, ती तिच्याहून निराळ्या गोत्रात जन्मलेली. लागोपाठच्या दोन पायऱ्या एका गोत्रात असूच शकत नाहीत. कुळदैवत वडिलांकडून येतं, महाजनकी वडिलांकडून येते, आडनावही. मायटोकाँड्रिया मात्र दर पिढीला पालखीतून दुसऱ्याच्या घरी जातो.

पुढच्या पिढीकडे बघा. त्या गृहस्थांच्या स्वतःच्या मुलांत एक्स नाही, त्यांच्यात बायकोच्या आईचा वंश. भावाच्या मुलांतही नाही. बहिणीच्या मुलांत आहे, पण ते भाचे वेगळ्या देवाचे कुळावी. ज्या ग्रुपवर मजकूर सर्वांत जास्त मिरवला गेला, तिथल्या किती जणांत हा एक्स असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

पिढी २५ वर्षांची धरली तर पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतल्याला वीस पिढ्या झाल्या. वीस पिढ्या मागे प्रत्येकाच्या पूर्वजांच्या जागा १०,४८,५७६. त्यातली आईच्या आईच्या आईची ओळ म्हणजे फक्त एक जागा. (इतकी वेगवेगळी माणसं गोव्यात तेव्हा नव्हतीच. मामेबहिणीशी लग्नं होत, त्यामुळे तीच पणजी पाच ठिकाणी येते. पण जागा तेवढ्याच.) दहा लाखांपैकी एका जागेवरून घराण्याचा इतिहास लिहायचा, तर बाकीच्यांनी काय पाप केलं?

गोव्यात आईकडून मुलीकडे खरोखर घर चालत आलं ते देवळांच्या सेवेत बांधलेल्या कलावंतांकडे. दत्तक मुली वगळल्या तर तिथे मातृवंशाची ओळ काही पिढ्या तरी एकाच उंबऱ्याआत सापडावी. पण आद्य मातेच्या गौरवाच्या या मजकुरात त्या घरांबद्दल अवाक्षर नाही.

याच मजकुराची एक धाकटी बहीणही फिरते आहे: एक्स युरोपात आहे, म्हणजे आपल्यात पोर्तुगीज आजी. हे तर उलटंच. लिस्बनहून येणारी गलबतं पुरुषांनी भरलेली असत. अल्बुकर्कने आपल्या सैनिकांना इथल्या बायकांशी लग्नं करायला उत्तेजन दिलं ते त्यामुळेच. नंतर पोर्तुगालच्या राजाने अनाथ मुली पाठवल्या, पण त्या मोजक्याच. पोर्तुगीज अंश कुठे असलाच तर तो बापाकडून, वाय गुणसूत्रावर दिसण्याचा संभव अधिक. पोर्तुगीजांनी मोझांबिककडून बायका आणल्या त्या गुलाम म्हणून. त्यांच्या आफ्रिकी एल गटाच्या मातृओळी आज उत्तर कन्नडच्या सिद्दी समाजात मिळतात. उद्या पणजीतल्या कुणाच्या अहवालात एल आला, तर तो मजकूर असाच हात जोडून पुढे जाईल का?

बाहेरून माणसं येण्यासाठी पोर्तुगीजांची वाट बघायचीही गरज नव्हती. अकराव्या शतकात कदंब राजा पहिला जयकेशी याच्या कारभारात अरबी व्यापारी घराण्यातला माणूस मोठ्या पदावर होता. बंदरावर एखादी विरळ ओळ उतरायला हजार वाटा असतात, आणि त्यातली कोणती हे नुसत्या अक्षरावरून सांगता येत नाही. त्यासाठी उपशाखा लागते. ती मजकुरात दिलेलीच नाही.

शुद्ध रक्ताचं एका वाक्यात उरकतं. मातृवंश दुर्मिळ होतो तो बहुधा त्या ओळीतल्या बायकांना मुलीच झाल्या नाहीत किंवा झालेल्या जगल्या नाहीत म्हणून, यात शुद्धतेचा काही संबंध नाही. आणि परशुरामाची कथा, त्याने गोव्यात वसवलेली साष्टीतली ६६ आणि तिसवाडीतली ३० कुळं, ही परंपरा म्हणून लोकांनी जपलेली आहे. तिला लाळेच्या किटचा टेकू कशाला?

राहिलं २०२१ चं संशोधन. ते खरं आहे. हैदराबादची सीसीएमबी (पेशी आणि रेणू जीवशास्त्राची संस्था) आणि लखनौची बिरबल साहनी संस्था यांतल्या संशोधकांचा त्यात सहभाग होता. पण नमुने घेतले होते गोवा, कुमठा आणि मंगळूर इथल्या ११० रोमन कॅथलिकांचे. निष्कर्ष असा, की त्यांच्यातले बहुसंख्य जनुकीयदृष्ट्या गौड सारस्वतांच्या जुन्या शाखेला जवळचे आहेत. त्यात गाजलेला ४० टक्क्यांहून अधिकचा आकडा आर१ए या गटाचा, आणि तो वाय गुणसूत्राचा, म्हणजे बापाकडचा. आद्य मातेचा त्याच्याशी संबंध नाही.

सोळाव्या शतकात कुठ्ठाळीहून मंगेश, केळशीहून शांतादुर्गा आणि वेर्ण्याहून म्हाळसा अंत्रुजात आली. काही माणसं देवांमागून जुवारी ओलांडून आली, काही मागे राहिली आणि बाटली. मजकूर ज्या संशोधनाचा हवाला देतो, ते या मागे राहिलेल्यांच्या वंशजांना कुळाव्यांच्या नात्यात आणून बसवतं. मजकुरात मात्र 'रोमन कॅथलिक' हे दोन शब्दच नाहीत.