फुग्याने श्वासमार्ग रुंद करण्याबद्दल
एका लेखात म्हटलंय की अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा अरुंद झालेला श्वासमार्ग गळ्याला छेद न देता, तोंडातून फुगा घालून रुंद करता येतो. बरोबर. पण तो अरुंद होतो कशाने, हे एका ओळीत उरकलंय. बहुतेकदा व्हेंटिलेटरच्या नळीनेच! स्वरयंत्राखालचं क्रिकॉइड म्हणजे कूर्चेचं अखंड कडं. नळी घासून अस्तर सुजलं की सुजेला बाहेर जागाच नाही, ती आत येते. म्हणून १ किलोखालच्या बाळाला साधारण २.५ मिमीचीच नळी घालतात. भूल मात्र फुग्यालाही लागते. सुजेनंतर राहिलेला व्रण जुना, कडक असेल तर पुन्हापुन्हा फुगवावं लागतं, कधीकधी ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासनळीत नळी बसवणं) टळतही नाही. माझ्या भाचीचं दोनदा करावं लागलं. आता इतकी बडबडते की विचारू नका.